लाल बाजू कुठे गेली?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

१९८७ए या फुटलेल्या ताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) वर्णपटाचा तुझा आलेख पाहिला. ऑक्सिजनची ६३०० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा निळ्याकडे सरकली, म्हणजे सगळं द्रव्य आपल्याकडे येतंय, असं तू लिहिलंस. तसं नाही गं. रेषेची लाल बाजू गिळली गेलीय. तारा फुटला की द्रव्य चहूकडे धावतं. पलीकडच्या, दूर जाणाऱ्या भागाचा प्रकाश लालकडे सरकतो, आणि त्यालाच सगळ्या पसाऱ्यातून आरपार यावं लागतं. मध्ये धूळ तयार झाली की आधी तोच अडतो.

पण एवढ्यावरून धूळ म्हणू नकोस. स्फोट एकांगी असला तरी रेषा अशीच दिसते. जोडीला दृश्य प्रकाश, त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या किरणोत्सारी कोबाल्ट-५६ च्या क्षयापेक्षा (अर्धायुष्य ७७ दिवस) भराभर उतरायला हवा आणि अवरक्त प्रकाश वाढायला हवा. इथे सुमारे ५०० दिवसांनी तिन्ही एकदम दिसलं.

आधी का नाही? वायू तापलेला होता. सिलिकेटचे (वाळूसारख्या खनिजाचे) धूलिकण साधारण हजार-बाराशे केल्व्हिनच्या खालीच धरतात. आणि फार थांबूनही चालत नाही: वय दुप्पट झालं की वायू आठपट विरळ होतो, अणू एकमेकांना भेटेनासे होतात.

धुळीच्या वजनात मात्र भलेभले फसले. सुरुवातीचे अंदाज सूर्याच्या हजारांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी होते. २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीने ०.४ ते ०.७ सूर्य एवढी धूळ दाखवली, तीही २० केल्व्हिनच्या आसपासची. एवढी गार धूळ १०० ते २०० मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात उजळते. १० मायक्रॉनवर तिचा मागमूस नसतो. त्या पट्ट्यात पुढे दिसली ती ताऱ्याभोवतालच्या वर्तुळाकार कड्यातली, सुमारे १८० केल्व्हिनची धूळ. ती तारा फुटण्याआधीची, या हिशोबात धरायची नाही. गार धूळ कड्यात नसून आतच आहे, हे २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने स्पष्ट केलं. ही सगळी सुरुवातीलाच होती आणि दाट गुठळ्यांत लपली, की वर्षानुवर्षं वाढत गेली, हा वाद चालूच आहे. मला गुठळ्यांचं म्हणणं जास्त पटतं.

तुझ्या आलेखातली खरी चूक वेगळीच आहे. ६३०० च्या शेजारी ६३६४ ची जोडरेषा असते. रेषेचं सरकणं वेगात मोजलं तर ती सेकंदाला ३००० किलोमीटरवर, नेमकी लाल बाजूवर बसते आणि खड्डा बुजवते. वायू विरळ झाल्यावर तिची उंची पहिलीच्या एक तृतीयांश असते; सुरुवातीला जास्त. आधी ती वजा कर, मग लाल बाजू मोज, आणि नवा आलेख पाठव.

तुझी,
आई