घरभाड्याचा प्रश्न

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

सात महिने तुला पत्र नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून दुखतो. आज वर्गात जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला उमजणार नाही, म्हणून लिहितो आहे.

शिकागोच्या साउथ साइड या दक्षिण भागातल्या जॅझ संगीताविषयी शिकवत होतो. लुई आर्मस्ट्राँग १९२२ साली न्यू ऑर्लिन्सहून येऊन लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात किंग ऑलिव्हर या वादकाच्या शेजारी कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखे वाद्य, वाजवू लागला, हे सांगून मी त्या दोघांचे १९२३ मधले ध्वनिमुद्रण ऐकवले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, हे ऐकायला येणारी माणसे राहायची कुठे?” मी क्लबांचीच नावे सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. वसतिगृहाच्या गच्चीवर तू मला हेच विचारले होतेस. “तुझ्या या शिकागोत नुसती रात्रच आहे,” असे म्हणालास, आणि मी पंधरा दिवस तुझ्याशी अबोला धरला होता.

उत्तर माझ्याच टिपणांत पडून होते. शिकागोत १९१० साली सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९३० साली २ लाख ३४ हजारांच्या आसपास. पण त्यांतल्या बहुतेकांना घर मिळे ते साउथ साइडच्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि तेही गोऱ्यांपेक्षा चढ्या भाड्याने. पट्ट्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यांच्या घरांवर आणि त्यांना घरे मिळवून देणाऱ्या दलालांवर जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात ५८ बॉम्ब टाकले गेले. भाडे जमेना तेव्हा लोक राहत्या खोलीतच मैफल भरवून येणाऱ्यांकडून पैसे घेत. जिमी यान्सी अशा घरांतून पियानो वाजवी आणि पोटासाठी बेसबॉलच्या मैदानाची निगा राखी. याच विषयावर लिहीत असलेल्या प्रकरणात त्याला मी तळटीपेत ढकलले आहे, मित्रा!

ते प्रकरण दोन महिन्यांत द्यायचे आहे आणि आता ते भाड्यापासून सुरू करावे असे वाटते. भीती एवढीच, की मग हे संगीत म्हणजे दुःखावरचा उतारा ठरेल, आणि ऑलिव्हर व आर्मस्ट्राँग दोन कॉर्नेटांवर जे तुकडे एकदम, जुळवून वाजवत, त्यामागची बुद्धी आणि मेहनत दिसेनाशी होईल. “गाणे पोटातूनच येते,” हे तुझे म्हणणे मला आजही मान्य नाही.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग.

मसुदा सोबत जोडला आहे. यान्सीच्या तळटीपेपासून वाच.

तुझाच