केस परत येतील, हे मलाही कळते

बडोदे

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीला डोक्याला रुमाल बांधून आलीस आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी आई जे बोलली त्यानंतर न जेवता स्टेशनवर गेलीस, तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. फोनवर आपले बोलणे ‘बरी आहेस ना’, ‘हो’ यापुढे सरकत नाही. उपदेश करायचा नाही, असे ठरवूनच बसलो आहे. केस परत येतील, हे आईलाही कळते. तिला खटकले ते अशुभ. धडधाकट, लग्नाच्या मुलीने पूर्वीच्या विधवांसारखे मुंडण करून त्यांचे लाल लुगडे, आलवण, नेसावे आणि त्या वेषात स्वतःचा फोटो काढून भिंतीवर लावावा, हे तिच्या पचनी पडणे कठीणच होते. माझी काळजी मात्र वेगळी आहे. त्या वेळी खोलीत तुझ्याबरोबर कोण होते? मानेमागून वस्तरा कोणी फिरवला? टायमर लावून स्टुलावर बसल्यावर पदर सरकला तर तो सारखा कोणी केला? ‘कोणी नाही, सगळे मीच केले,’ असे तू म्हणालीस, आणि तेही अभिमानाने.

फोटो मी पाहिला. आईने प्रिंट कपाटात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिली होती. ती रात्री काढून दिव्याखाली धरली. माझ्या विधवा मोठ्या काकूला तू पाहिलेले नाहीस आणि तिचा एकही फोटो आपल्या घरात नाही. माझ्या मुंजीत दांडिया बाजारच्या वाड्यात सगळ्या घराचा ग्रुप फोटो निघाला. त्यात भाडेकरू आहेत, त्यांची पोरे आहेत, कोपऱ्यात आचारीसुद्धा आहे, पण काकू नाही. तरी तुझ्या फोटोत तू डावा अंगठा मुठीत दाबून बसली आहेस, आणि ती अगदी तशीच बसत असे. हे मी तुला कधी सांगितल्याचे आठवत नाही. नानीला विचारले तर ती म्हणाली, विचारात असलास की तूही तसाच बसतोस, पोरीने ते तुझ्याकडून उचलले असेल. तेव्हापासून मी माझ्या हाताकडे पाहतो आहे.

काकूविषयी आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी. सोवळ्यात सगळ्या घराचा स्वयंपाक ती करायची, पंगती उठल्या की चूल सारवायची, आणि मग मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून एकटी जेवायची. मी एकदा तिच्या शेजारी जाऊन बसलो तर ती हसली आणि मला आत पिटाळले. तुझा फोटो पाहताना मला आलवणापेक्षा ती पडवीच जास्त दिसली, आणि म्हणूनच विचारतो: तू तिथे जेवतेस कोणाबरोबर?

हे विचारायचे नव्हते. निघून गेले.

तू मला सिंडी शर्मन या अमेरिकन छायाचित्रकर्तीचा दाखला देतेस. तिने १९७७ ते १९८० या काळात स्वतःच नटून, बहुतेक वेळा स्वतःच कॅमेरा लावून जुन्या सिनेमांतल्यासारख्या बायका उभ्या केल्या आणि ती सगळी मालिका न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९५ मध्ये विकत घेतली, हे मी वाचले आहे. पण इथल्या कपाटात तू फ्रान्सेस्का वुडमन या छायाचित्रकर्तीचेही पुस्तक ठेवून गेलीस, स्वतःचेच फोटो काढणारीचे. ओसाड खोल्या, पापुद्रे सुटलेल्या भिंती, आणि त्यांत अर्धी विरघळलेली ती मुलगी. १९८१ च्या जानेवारीत, वयाच्या २२ व्या वर्षी तिने जीव दिला. तिचे आईवडील दोघेही कलावंत होते, म्हणजे मुलगी काय करते आहे हे त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच अधिक कळत असणार. फोटोंमुळे ते घडले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पण ते पुस्तक मिटल्यावर मला झोप लागली नाही.

याउलट पुष्पमाला एन. बघ. आपल्याच बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकलेली. दक्षिणेतल्या बायकांवरच्या तिच्या फोटोंच्या मालिकेत, २००० ते २००४ या काळात, ती रविवर्म्याची लक्ष्मी झाली, इंग्रजांनी जातीजमातींचे मोजमाप घेण्यासाठी काढलेल्या फोटोंतली बाई झाली. पण छायाचित्रकार क्लेअर आर्नी तिच्याबरोबर होती, पडदे रंगवणारे होते, म्हणजे चहा प्यायला तरी माणसे होती. चित्रकार ज्योती भट्ट कॅमेरा घेऊन गावोगाव फिरले, भिंतींवरची चित्रे आणि बायकांचे गोंदण टिपत राहिले, तेव्हा समोर नेहमी कोणीतरी असे. तुझ्या समोर तूच, मागेही तूच. पुढच्या फोटोला एखादी मैत्रीण मदतीला घेतलीस तर काम कमी प्रतीचे होईल का? पाहा, आलो पुन्हा तिथेच. एलआयसीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या जोखमीचे हिशेब केले, ती खोड जात नाही, क्षमा कर.

पैशांचे काही बोलत नाही. लागतील तेव्हा सांग.

सॅम्युएल फोसो नावाच्या छायाचित्रकाराविषयीही वाचले. मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात या मुलाने १९७५ मध्ये, तेराव्या वर्षी स्टुडिओ टाकला. दिवसा गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे आणि रीळ संपवण्यासाठी उरलेल्या फिल्मवर स्वतःचे. त्यांतले काही तो नायजेरियात आजीला पाठवत असे, मी ठीक आहे हे तिला कळावे म्हणून. तेच फोटो पुढे जगभर प्रदर्शनांत गेले. तसला एखादा मलाही पाठव. त्यात आलवण नको, वेष नको, प्रकाशयोजनेचीही गरज नाही.

मुंबईच्या प्रदर्शनाला मी येणार आहे. विनूने तिकीट काढतो म्हटले आहे. आई अजून ‘बघू’ म्हणते, पण परवा तुझी प्रिंट पंचांगांखालून निघून तिच्या साड्यांच्या कप्प्यात गेलेली दिसली; मी विचारले नाही. शेजारच्या देसाईकाकांना मात्र मी ती आधीच दाखवली होती. ते बराच वेळ पाहून ‘कोण हे?’ म्हणाले, आणि ‘आमची मनू’ असे सांगताना माझा आवाज जरा मोठाच झाला असावा.

तू फोनवर काकूचे नाव विचारले होतेस. घरात कोणी ते घेत नसे, म्हणून चाणोदच्या उपाध्यायांची वही पाहून आलो. सासरचे नाव रमा. माहेरचे त्यांच्याकडे नाही आणि नानीलाही ठाऊक नाही. फोटोखाली ‘विधवा’ असे लिहिणार होतीस, त्याऐवजी हे लिही. आणि पत्राचे उत्तर सवडीने दिलेस तरी चालेल, पण जेवणाचे काय ते आधी कळव.

तुझा,
बाबा