गजऱ्यातले पाचीचे पान आणि बाटलीतले चॉकलेट

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका ज्येष्ठ वाचकांनी चॉकलेटच्या वासाच्या परफ्युमविषयी नाराजी व्यक्त केली होती. खाण्याच्या पदार्थाचा वास अंगाला लावून हिंडणे हा परदेशी चाळा आहे आणि त्यात मोगरा-निशिगंधासारखी देवाला वाहायची फुले मिसळणे तर अगदीच अशोभनीय आहे, असा त्यांच्या पत्राचा सारांश होता. बंद जागेत हे परफ्युम सोसवत नाहीत, ही त्यांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे आणि तिच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. परंतु हे मिश्रण आपल्याला परके आहे, हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. मी बत्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि त्याआधी लग्न होईपर्यंत जवळजवळ रोज आईच्या शेजारी बसून गजरे केले. या दोन्ही शिदोऱ्यांच्या बळावर हे पत्र लिहीत आहे.

आई दुपारची झाकपाक झाली की पाटावर ओले फडके पसरायची. त्यावर मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या, वाटीत भिजत घातलेले केळीच्या सोपटाचे धागे आणि बाजूला मरव्याच्या व पाचीच्या काड्या असत. देठाला देठ भिडवून चार कळ्या ठेवायच्या, दोऱ्याचा फास आवळायचा, पुन्हा चार कळ्या, आणि दोन-तीन फासांनंतर पाचीचे एखादे पान. इतकी टपोरी फुले असताना मध्येच हा पाला कशाला, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, ‘नुसता मोगरा डोकं उठवतो गं.’ पाचीचे पान बोटांत चुरगाळून पाहावे. ओली माती, बंद राहिलेली लाकडी पेटी आणि त्याच्या तळाशी काहीतरी कडसर, भाजलेले असे त्यात जाणवते. त्या कडसरपणाला काय म्हणावे हे मला पुढे अनेक वर्षांनी, बिनसाखरेच्या कोकोचा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा कळले.

परदेशी अत्तरकार जिला पॅचुली म्हणतात ती आपल्या पाचीच्याच कुळातली वनस्पती. १९९२ मध्ये पॅरिसचे फॅशनकार थिएरी म्युग्लर यांच्या नावाने ‘एंजल’ हा परफ्युम बाजारात आला आणि चॉकलेट, कॅरॅमल यांसारखे खाद्यपदार्थांचे वास परफ्युमच्या केंद्रस्थानी आणण्याची लाट तिथून जोरात सुरू झाली. तो घडवणाऱ्या ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल हे रसायन सढळ हाताने वापरले. जत्रेत काडीवर गुंडाळून मिळणाऱ्या साखरेच्या कापसाचा जो वास, तो या रसायनाचा. एवढा गोडवा एकटाच सोडला असता तर तो खेळण्यासारखा पोरकट वाटला असता; त्याला जमिनीवर आणले ते भरपूर पॅचुलीने. परफ्युममधले चॉकलेट हे बहुतेक वेळा असेच घडवलेले असते. काही अत्तरकार भाजलेल्या कोकोच्या बियांपासून काढलेला अर्क वापरतातही, पण पुष्कळदा व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिन या रसायनाचा गोडवा, पॅचुलीचा काळपट मातकटपणा आणि भाजल्याचा वास देणारी काही रसायने एकत्र आली की आपले नाक त्याला चॉकलेट म्हणते.

या काळ्या पायावर पांढरी फुले ठेवण्याचे आजचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फॅशनकार कॅरोलिना हेरेरा यांच्या नावाचा २०१६ सालचा ‘गुड गर्ल’, उंच टाचेच्या बुटाच्या आकाराच्या बाटलीतला. त्याच्या वर्णनात कोको आणि व्हॅनिलासारख्या गोड वासाच्या टोंका बियांबरोबर ‘ट्यूबरोज’ आणि ‘जास्मिन सॅम्बॅक’ अशी दोन फुले असतात. या नावांना बिचकण्याचे कारण नाही. ट्यूबरोज म्हणजे आपला निशिगंध, लग्नाच्या हारातला आणि दादरच्या फुलबाजारात पहाटे जुड्यांनी उतरणारा. आणि जास्मिन सॅम्बॅक म्हणजे मोगरा, जो जव्हार-विक्रमगडचे शेतकरी भल्या सकाळी कळ्या खुडून त्याच दादरला पाठवतात.

ही जोडी का जमते, हे थोडे रसायनशास्त्राच्या अंगाने सांगावेसे वाटते. मोगरा, जाई, निशिगंध या फुलांच्या वासात इंडोल नावाचा घटक असतो. तो एकटा आणि दाट असेल तर डांबराच्या गोळ्यांची आणि गोठ्याची आठवण येते, पण अगदी थोडा असला की त्याच्यामुळेच फुलाला अंग येते, ते जिवंत वाटते. इंडोल काढून घेतलेला मोगरा साबणासारखा स्वच्छ आणि निर्जीव लागतो. निशिगंधाचे तर आणखी वेगळे आहे. नुकती उमललेली काडी नाकाजवळ धरली तर गोडाच्या आधी किंचित वेदनाशामक मलमाचा वास येतो, कारण त्या मलमांत असते ते मिथाइल सॅलिसिलेट या फुलातही असते. अशी ही फुले सुंदर खरी, पण हट्टी आहेत. रात्री बंद खोलीत ठेवली तर सकाळी डोके जड होते, हे ज्याने सत्यनारायणाच्या पूजेनंतर हार खोलीतच राहू दिले आहेत त्याला सांगायला नको. कोकोचा कडवट, भाजका वास त्यांच्या या हट्टाला खालून टेकू देतो, इंडोलचा उग्रपणा त्यात मुरून जातो, आणि उलट बाजूने फुले चॉकलेटला बेकरीच्या काउंटरवरून उचलून मोकळ्या हवेत आणतात. आईच्या गजऱ्यातले पाचीचे पान हेच काम करत होते, असे माझे ठाम मत आहे.

पत्रलेखकांचा दुसरा आक्षेप, खाण्याची वस्तू आणि देवाचे फूल एकत्र आणण्याचा. निशिगंध मुळात मेक्सिकोचा आहे. तो आपल्याकडे इतका रुळला की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. त्याच मेक्सिकोत अॅझ्टेक लोक कोको पेय म्हणून पीत आणि त्यात सुकवलेली सुगंधी फुले वाटून घालत. सोळाव्या शतकात स्पेनहून तिथे गेलेल्या बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मगुरूने अशा पेयांची वर्णने लिहून ठेवली आहेत. कोकोत पडणाऱ्या फुलांपैकी एका पांढऱ्या, सुवासिक फुलाच्या नावाचा अॅझ्टेकांच्या भाषेतला अर्थ ‘लाह्यांचे फूल’ असा होतो. म्हणजे चॉकलेट आणि पांढरे फूल यांची सोबत ही आजच्या जाहिरातवाल्यांची कल्पना नव्हे. ती चॉकलेटच्या जन्मघरापासून चालत आलेली आहे.

त्याहून मला जवळची वाटणारी गोष्ट सतराव्या शतकातल्या, इटलीतल्या फ्लोरेन्सची आहे. तिथला सत्ताधीश, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याच्या दरबारी जाईचे चॉकलेट प्यायला मिळे आणि त्याची कृती गुप्त राखलेली होती. ती होती राजवैद्य फ्रान्चेस्को रेदी याच्याकडे. मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून होतात, हे १६६८ मध्ये प्रयोगाने दाखवून देणारा हाच तो रेदी. जीवशास्त्राच्या पुस्तकात बरण्यांच्या चित्राशेजारी त्याचे नाव पाहिलेले अनेकांना आठवेल. त्याच्या कृतीत भाजून भरडलेल्या कोकोचा एक थर आणि ताज्या जाईच्या फुलांचा एक थर असे रचायचे, दिवसभराने कोमेजलेली फुले काढून नवी घालायची, आणि असे दहा-बारा वेळा करायचे. कोकोतल्या स्निग्धांशात फुलाचा वास उतरतो. आता आपल्याकडे चमेलीचे तेल पूर्वापार कसे करत आले ते पाहावे. तिळाचा थर, फुलांचा थर, रोज फुले बदलायची आणि शेवटी ते वासाचे तीळ घाण्यात घालायचे. एकीकडे तीळ, दुसरीकडे कोको, पण मूळ युक्ती एकच. फूल खुडल्यावरही काही तास वास सोडत राहते आणि तेल किंवा चरबी तो धरून ठेवते, हे दोन्हीकडच्या माणसांनी हाताने काम करता करता ओळखले होते. हा योग मला इतका आनंद देतो की वर्गात तेलातल्या विद्राव्यतेचा धडा आला की मी दरवर्षी तो सांगत असे.

आता मान्य असलेल्या तक्रारीकडे वळते. दोन वर्षांपूर्वी भाचीने मला याच प्रकारचा एक परफ्युम भेट दिला. मे महिन्यातली दुपार होती, मला ठाण्याहून दादरला जायचे होते, आणि मी अत्तराच्या फायाच्या हिशेबाने नव्हे तर टाल्कम पावडरीच्या हिशेबाने तो फवारला. दोन मनगटांवर, मानेवर आणि वर पदरावर. महिलांच्या डब्यात माझ्या शेजारी एक गरोदर मुलगी बसली होती. मुलुंड येईपर्यंत तिने ओढणी नाकाला लावली आणि नंतर आपली जागा सोडून, त्या अवस्थेत, दाराजवळच्या वाऱ्यात जाऊन उभी राहिली. ती मला काही बोलली नाही. मला मात्र तो प्रवास अजून बोचतो. उतरण्याआधी मी तिची क्षमा मागितली, पण तोपर्यंत तिला अर्धा तास त्रास झालेला होता.

याचे कारण आपल्या हवेत आहे. मुंबई-ठाण्याच्या उन्हाळ्यात अंग तापलेले आणि दमटपणा भरपूर, त्यामुळे परफ्युममधले फुलांचे हलके घटक भराभर उडून जातात आणि मागे राहतात ते जड, गोड घटक. व्हॅनिलिन आणि एथिल माल्टॉल हे त्यांतले मुक्कामी पाहुणे; कपड्यावर बसले की धुईपर्यंत हटत नाहीत. पॅरिसच्या थंडीत लोकरी कोटाखालून हळूहळू वर येण्यासाठी जे प्रमाण ठरवले, ते आपल्याकडे घामावर चौपट वाटते. म्हणून हा वास लावायचा तर गजऱ्याच्या रीतीने लावावा, असे माझे सांगणे आहे. गजरा आपण भर दुपारी माळत नाही. कळ्या संध्याकाळी उमलू लागतात, तेव्हाच तो केसांत जातो. हा परफ्युमही दिवस कलल्यावर, शक्यतो मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीत, एकच फवारा, तोही कपड्याच्या आड असणाऱ्या त्वचेवर लावावा. शाळेचा वर्ग, रुग्णालय, वातानुकूलित कार्यालय, नाट्यगृह आणि लोकलचा डबा या ठिकाणी तो अजिबात नको, कारण तिथे शेजारच्याला उठून जाण्याची सोय नसते. दमेकरी आणि अर्धशिशीचा त्रास असणारी माणसे आपल्याला तोंडावर सांगत नाहीत, सोसतात.

विकत घेतानाही घाई होते आणि त्यात दुकानांचा वाटा मोठा आहे. एका मॉलमधल्या काउंटरवर मला तीन-चार कागदी पट्ट्या एकापाठोपाठ एक नाकाशी धरायला दिल्या गेल्या आणि हातावर लावून तासभर फिरून येते म्हटल्यावर विक्रेतीने नापसंती दाखवली. कागदाला ऊब नसते. कागदावर पहिल्या मिनिटाला जे आवडते ते त्वचेवर तासाभराने काय होईल, हे सांगता येत नाही. चॉकलेट तर नेमके उशिरा वर येते. पाच-सहा हजार रुपयांची बाटली घेणाऱ्याने मनगटावर लावून घरी जावे, रात्री जेवताना पुन्हा वास घ्यावा आणि मगच ठरवावे.

संपादक महोदय, शेवटी एक विनंती आपल्याला आहे. आपल्या पुरवणीत परफ्युमविषयी लेख येतात तेव्हा त्यांत ‘व्हाइट फ्लोरल’, ‘ट्यूबरोज’, ‘गार्डेनिया’ असे शब्द जसेच्या तसे छापलेले असतात. त्यांऐवजी पांढरी फुले, निशिगंध, अनंत असे लिहावे. भाचीला मी जास्मिन सॅम्बॅक म्हणजे काय ते विचारले, तेव्हा परदेशातले काहीतरी असेल, असे ती म्हणाली होती. मी गॅलरीतल्या कुंडीतली एक कळी खुडून तिच्या तळहातावर ठेवली. तिने आधी कळीचा वास घेतला, मग स्वतःच्या मनगटाचा, मग पुन्हा कळीचा, आणि विचारले, ‘मावशी, हे तर आजीच्या गजऱ्यातलं ना?’

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे