स्टेरॉईड म्हणजे एकच औषध नव्हे

संपादक महाशय,

आमच्या महाल भागातल्या एका आजींनी दम्याचा पंप घेणे बंद केले. का, तर त्यात स्टेरॉईड आहे आणि जिममधल्या पोरांचे त्यानेच वाटोळे होते, असे नातवाने मोबाइलवर वाचले! रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून चार ओळी लिहितो.

स्टेरॉईड हे कुण्या एका औषधाचे नाव नाही, ती रेणूची ठेवण आहे. कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटलेली. तीन षटकोनी, एक पंचकोनी, मिळून 17 कार्बन. बदनाम कोलेस्टेरॉल याच सांगाड्याचे, 27 कार्बनचे. त्यातूनच शरीर कॉर्टिसॉल (21 कार्बन), टेस्टोस्टेरॉन (19) आणि इस्ट्राडायॉल (18) ही संप्रेरके (हार्मोन) घडवते. सांगाडा तोच, पण कडेचे अणू बदलले की काम बदलते. पंपातले औषध कॉर्टिसॉलच्या घराण्यातले, श्वासनलिकेची सूज उतरवणारे. जिममधले टेस्टोस्टेरॉनच्या.

ही ठेवण भल्याभल्यांना चकवून गेली. विलांड आणि विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना 1927 व 1928ची नोबेल मिळाली, तेव्हा मांडलेली रचना चुकीची होती. ती 1932 मध्ये सुधारली गेली.

आपल्या नागपूरच्या उन्हात कातडीतल्या अशाच एका रेणूचे दुसरे कडे तुटते आणि ड जीवनसत्त्व बनू लागते. (मे महिन्यात भरदुपारी गच्चीवर बसा, असे मी म्हणत नाही!)

डॉक्टरांनी समजावल्यावर आजींचा पंप पुन्हा सुरू झाला. नातवाला मी वहीत चार कडी काढायला बसवले आहे.

— एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर