उंच इमारतींच्या बालकार्यशाळेसाठी मदतीचे आवाहन

सभासद, पालक व हितचिंतकांना सस्नेह नमस्कार.

येत्या उन्हाळी सुट्टीत दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी, उंच इमारती कशा उभ्या राहतात हे हाताने करून पाहण्याची कार्यशाळा आपल्या वाचनालयात घ्यायचे कार्यकारिणीत ठरले आहे.

ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांचे ऋण आधी मानतो. शहापूरच्या आपल्या निवृत्त बाईंनी विज्ञानाची पुस्तके दिली, कपाटासकट दिली. उद्यमबागेतल्या सभासदांनी तर कारखाना सुटल्यावर थांबून, एक पैसाही न घेता, बेअरिंगवर सरकणारा लोखंडी पाट करून दिला. हँडल फिरवले की पाट हादरतो आणि त्यावरचा काड्यांचा मनोरा डोलतो. मनोऱ्याच्या माथ्यात दोऱ्याने जड नट टांगला आणि दोऱ्याची लांबी नेमकी जुळली, की तेच डोलणे निम्म्यावर येते. तैपेईच्या ५०८ मीटर उंच ‘तैपेई १०१’ मध्ये हे काम ६६० टनांचा पोलादी गोळा करतो. हे पाहताना पोरांचे चेहरे बघायला या.

गणपतीचा मांडव घालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे, नुसता चौकोन हलतो, तिरका बांबू आवळला की जागचा हलत नाही. शिकागोच्या १०० मजली हँकॉक सेंटरच्या अंगावर दिसणाऱ्या तिरक्या तुळया त्याच कामाच्या. त्यामागचे अभियंते फझलूर रहमान खान हे बंगालचे. दिवाळीत दगडमातीचे किल्ले रचणाऱ्या आपल्या मुलांना हे का जमू नये?

एक सल बोलून दाखवतो. मागच्या विज्ञान दिनाला घरोघरी पत्रके वाटली, सभागृहभर खुर्च्या मांडल्या, पण आले मोजकेच पालक. हळदीकुंकवाला, स्नेहसंमेलनाला जागा पुरत नाही. सीमाभागातल्या मुलांना मराठीतून विज्ञान मिळावे असे आपण सगळेच म्हणतो. मग त्यासाठी घरातून बाहेरही पडायला हवे.

अंदाजे खर्च १८,००० रुपये (बांबूच्या काड्या, सुतळी, नट-बोल्ट, अल्पोपाहार, खानापूरकडच्या मुलांचे बसभाडे). निम्मी रक्कम अजून जमायची आहे. रोख किंवा वाचनालयाच्या नावे धनादेश कार्यालयात सायं. ५ ते ८, सोमवारी बंद, पावती घ्यावी. वस्तुरूप मदतही चालेल. दोन सुतार व मराठीतून समजावणारे तीन-चार अभियांत्रिकी विद्यार्थी तातडीने हवेत. रक्कम मार्चअखेर द्यावी, सामान आधी आणावे लागते.

आपला,
कार्यवाह