लॅबमधल्या ताईंना, एका शिंप्याकडून

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणतो. खरं तर नाव यायला हवं होतं. रिपोर्टच्या तळाशी सही असते ती एमडी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची, आणि नियमानं ती त्यांचीच असायला हवी. पण ज्या बाईनं शीर शोधली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि मशीनचा आकडा बघून जागची उठली, तिचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं. तोंडी आभार मानायचा प्रयत्न मी करून बघितला. तुमच्या बाकावर सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं ताटकळत असतात, आणि मी बोलायला लागलो की तुम्ही म्हणता, "काका, बाही वर करा." मग लिहिणंच आलं. चार लोकांनी वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून उघडं पत्र.

मी आलो होतो मोतीबिंदूसाठी. काळ्या कापडावरची काळी शिलाई दिसेनाशी झाली होती, सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी शुगर, सीबीसी आणि आणखी दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या. धास्ती शुगरची होती, आमच्या घरात ती सगळ्यांना आहे. मला मात्र निघाली नाही. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, हे तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

दुपारी तुमचा फोन आला. "काका, जेवलात का? थोडं रक्त परत लागेल. त्याचे पैसे नाहीत." मला वाटलं, बाटली फुटली असणार. दुकान कारागिरावर सोडून आलो, तुम्ही दुसऱ्या हाताचं रक्त घेतलंत आणि म्हणालात, "घरी जाऊ नका, इथेच बसा."

मधल्या वेळात तुम्ही काय काय केलं होतं ते मला फार उशिरा कळलं, तेही तुमच्या डॉक्टर मॅडमकडून. माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरला, म्हणजे थेंबाच्याही लहानशा अंशात, पांढऱ्या पेशी साधारण 4,000 ते 11,000 असतात. मशीननं माझ्या दाखवल्या 1,62,000. असा आकडा आला की मशीन बिघडलं असं कुणालाही वाटेल. तुम्ही चिठ्ठी तपासलीत, तेच रक्त मशीनमध्ये पुन्हा घातलंत, मग काचेवर थेंब पसरून लेशमनचा रंग दिलात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावलात. अस्थिमज्जेत पिकेपर्यंत तिथंच थांबायच्या त्या कच्च्या पेशी, मायलोसाइट का काय म्हणतात त्या, माझ्या रक्तात मोकाट फिरत होत्या. बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या. त्यावरही तुम्ही थांबला नाहीत, ताजं रक्त घेऊन सगळं पहिल्यापासून केलंत. मॅडम एरवी संध्याकाळी येतात. त्या दिवशी तुम्ही त्यांना भर दुपारी बोलावून घेतलंत.

आकडा छापून, पाकिटात घालून, "संध्याकाळी घेऊन जा" म्हणाला असतात तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता. मी ते पाकीट डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत शिलाई मशीनच्या खणात ठेवलं असतं. मोबाईलवर नुसती फाईल आली असती तर ती उघडलीसुद्धा नसती.

मग तुम्ही मला आत बोलावलंत. तेव्हा जे बोललात ते मला पाठ आहे. "काका, मी टेक्निशियन आहे. निदान सांगायचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण हे साधं नाही. मॅडमनी चिठ्ठी दिली आहे, उद्या सकाळी सोलापूरला रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे जा. सोमवारची वाट बघू नका. आणि आज रात्री मोबाईलवर काही शोधू नका." मी विचारलं, कॅन्सर आहे का? तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत, आणि नजरही चुकवली नाहीत. "जे असेल त्याचं नाव उद्या डॉक्टर सांगतील. रक्ताच्या आजारांवर आता चांगली औषधं आहेत, एवढं मला माहीत आहे."

त्यानंतर मला पुष्कळ लोक भेटले. काही नाही हो, सगळं व्यवस्थित होईल, असं म्हणणारे भेटले आणि तोंड पाडून बसणारेही. तुमच्याएवढं मोजून-मापून फार थोडे बोलले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली हात दाबला आणि विचारलं, पोट लवकर भरतं का? भरत होतं. वजन उतरलं होतं, छाती-खांद्याची मापं कमी झाली होती, आणि कमर मात्र तसूभरही हलली नव्हती. माझेच शर्ट मी शिवतो, त्यामुळे हे मला दिसत होतं, पण अर्थ लागत नव्हता. आत पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती. मग कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढला, बीसीआर-एबीएल नावाची तपासणी मुंबईला गेली, आणि नाव आलं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सीएमएल. रक्ताचा कॅन्सर.

मी एसटीतून उतरायच्या आत ही बातमी आमच्या गल्लीत उतरली होती. कितवी स्टेज, हा पहिला प्रश्न. या आजारात तशा स्टेज नसतात. क्रॉनिक, ॲक्सिलरेटेड आणि ब्लास्ट अशा तीन अवस्था असतात आणि मी पहिलीत होतो. हे सांगून सांगून जीभ दमली. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, मग याला कसा, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर डॉक्टरांकडेही नाही. हा आजार आईबापाकडून येत नाही, शेजाऱ्याकडूनही येत नाही. तरी एक जुनं गिऱ्हाईक आपलं न कापलेलं कापड परत घेऊन गेलं. चांगलं टेरिकॉट होतं. असो.

घरच्यांच्या समाधानासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईलाही जाऊन आलो. परळचं टाटा हॉस्पिटल. 1941 पासून माणसं तिथं रांगा लावतायत आणि रांग काही संपत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत देशभरातले पेशंट पाहिले, त्यात एवढीशी पोरंही होती. माझ्या आजाराचं रडगाणं तिथं गायची लाज वाटली. टाटाच्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि सांगितलं, औषध तेच, सोलापूरलाच घ्या, खाडा करू नका.

औषध म्हणजे इमॅटिनिब. दिवसातून एकदा 400 मिलिग्रॅम, भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. केमोच्या बाटल्या नाहीत, केस गळून टक्कल नाही. पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळे सुजलेले असतात, कधी मळमळतं. आणि रंग उजळतो! हा त्या गोळीचा खरोखरचा परिणाम आहे, डॉक्टरांनी सांगितलाय. आमची मंडळी म्हणते, लग्नात एवढे गोरे असतात तर माझ्या बापानं हुंडा दिला असता.

मुलगी बीएस्सीला आहे. या आजाराचा मागोवा तिनं काढला आणि मला वाचून दाखवला. त्यातला एक भाग तुम्हाला सांगायलाच हवा. 1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना मायक्रोस्कोपखाली या पेशंटांच्या पेशींत एक क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्र, नेहमीपेक्षा आखूड दिसला. तोवर कॅन्सरशी असा ठरावीक क्रोमोसोम कुणी जोडून दाखवला नव्हता. पुढे शिकागोच्या जॅनेट राउली या डॉक्टरबाई क्रोमोसोमांचे फोटो कात्रीनं कापायच्या आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. कात्री म्हटल्यावर माझे कान टवकारले. आई कागदी बाहुल्या खेळते, म्हणून पोरं त्यांना चिडवायची. 1973 मध्ये त्यांनी दाखवलं की 9 आणि 22 नंबरचे क्रोमोसोम तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या अदलाबदलीतून जे बिघडलेलं प्रथिन तयार होतं, नेमकं त्यालाच अडवणारी ही गोळी 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्या वेळच्या मोठ्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या शंभरातले 83 जण दहा वर्षांनीही हयात होते. सगळी सुरुवात काचेवर डोळा लावून बसलेल्या माणसांनी केली. तुमचं काम त्याच जातीचं आहे, फक्त तुमच्या खोलीत पंखा आवाज करतो आणि बाहेर कुणीतरी "ताई, किती वेळ?" म्हणून ओरडत असतं.

पैशाचंही सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात तोच घोर असेल. मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च एके काळी महिन्याला लाखाच्या वर सांगितला जायचा, आणि आपल्याकडे बनणारी तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. कंपनीला पेटंट हवं होतं, म्हणजे गोळी बनवायचा हक्क फक्त तिचा. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. कंपनीच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होत्या रंजना देसाई. आता गोळी त्याहूनही पुष्कळ स्वस्त झाली आहे आणि माझ्या शिलाईच्या कमाईत बसते. या लोकांचेही आभार मानायचे आहेत, पण ते आपल्या गावात राहत नाहीत, म्हणून तुमच्याच पत्रात घुसवले.

पांढऱ्या पेशी खाली आल्या, तो रिपोर्ट तुमच्याच हातचा. बीसीआर-एबीएल, म्हणजे त्या अदलाबदलीची रक्तातली खूण, पहिल्या तीन महिन्यांत दहा टक्क्यांच्या आत आणि वर्षाअखेर 0.1 टक्क्याच्या आत यावं लागतं. माझं वेळेत आलं. गोळी चालूच राहणार आहे, कदाचित कायमची. डॉक्टर "बरा झालात" म्हणत नाहीत, "आटोक्यात आहे" म्हणतात. मला ते पटतं. मोतीबिंदूचं ऑपरेशनही मागाहून झालं, आणि काळ्यावर काळी शिलाई पुन्हा घालतोय.

एक मागणी आहे. तुमच्या मालकांना भेटून मी सांगितलंय की फोन करायला वेळ लागतो, त्यासाठी सकाळच्या गर्दीत तुमच्या हाताखाली आणखी एक माणूस द्या. ते हो म्हणालेत. दिलं नाही तर मला सांगा, त्यांच्या मुलाच्या लग्नाचा सूट माझ्याकडेच शिवायला आहे.

पुढच्या सीबीसीला येतोय. या वेळी डावा हात धरा, उजव्याची शीर हल्ली लपते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बाजारपेठेतला टेलरकाका