दत्तास, त्या हात धरण्याविषयी

ठाणे,
१६ मार्च २०२५

प्रिय दत्ता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. फोन करता आला असता, पण तू लिहून विचारलंस, म्हणून लिहूनच सांगतो. निकालाच्या दिवशी कोर्ट नाक्यावर मी त्या ड्रायव्हरचा हात धरला, हे तुला प्रकाशकडून कळलं. तू लिहिलंस, "सॅम, पोराला चिरडणाऱ्याचा हात तुझ्यानं धरवला कसा? आशिष माझ्याही अंगाखांद्यावर खेळलाय." खेळलाय, म्हणूनच हे विचारायचा हक्क तुझा आहे. मला राग नाही आला.

तुला सगळं कधी सांगितलंच नाही. ऑगस्ट २०२१. आशिष वागळे इस्टेटला कामावर निघाला होता. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ त्याची बाइक डंपरच्या मागच्या चाकाखाली गेली. पाऊस होता. ड्रायव्हर आदल्या संध्याकाळपासून गाडी चालवत होता, हे पुढे कोर्टात आलं. तो २३ वर्षांचा, आपला २२. मुद्देमाल ओळखायला मला बोलावलं, तेव्हा टेबलावर हेल्मेट होतं आणि रूथनं सकाळी भरून दिलेला डबा. तो आता घरी आहे. इतका चेपलाय की झाकण उघडत नाही.

भेटायला येणारे म्हणायचे, देवाची इच्छा. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. डंपर देव चालवत नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानात लाजराच्या कबरेपाशी एक वचन आहे, दोनच शब्दांचं: येशू रडला. थोड्याच वेळात आपण मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला. त्या दोन शब्दांवर मी पहिलं वर्ष काढलं. उपासनेत गीतं तोंडातून निघत नसत. तेरावं स्तोत्र तेवढं म्हणता यायचं, कारण त्यात देवालाच विचारलंय, परमेश्वरा, कुठवर? माझा विश्वास त्या दिवसांत एवढाच उरला होता, की हे विचारायला समोर कुणीतरी आहे.

क्षमेपर्यंत आलो तो प्रभूच्या प्रार्थनेमुळे. नगरला आमच्या घरी तू ती कितीदा ऐकलीस, आईबरोबर अर्धीमुर्धी म्हणायचासही. 'जशी आम्ही आपल्या ऋणींना ऋणे सोडली आहेत, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' लहानपणापासूनची तोंडपाठ ओळ एका रविवारी घशात अडकली. माझा ऋणी कोण, हे मला पक्कं माहीत होतं. तो माझं काय देणं लागत होता? आशिष. ते तो फेडणार कुठून? त्याला जन्मभर आत टाकलं, त्याची आई रस्त्यावर आली, तरी माझ्याकडे काही जमा होणार नव्हतं. आणि मी रोज रात्री तीनला उठून त्याच्या नावावर व्याज चढवत बसायचो. मनातल्या मनात त्याला कितीदा मारलं, ते तुलाही सांगवत नाही. त्या रविवारी मी ती ओळ पुरी म्हटली. मनापासून नाही, नुसती तोंडानं. सुरुवात तिथून झाली.

सोडलं म्हणजे सुटलं, असं होत नाही रे. किती वेळा क्षमा करू, सात वेळा? असं पेत्र या शिष्यानं विचारलं, तेव्हा प्रभूनं त्याला साताच्या सत्तर वेळा सांगितलं. मला वाटायचं, ते वेगवेगळ्या अपराधांबद्दल असेल. आता कळतं, अपराध एकच असला तरी तितक्या वेळा लागतात. कापूरबावडीच्या सिग्नलला शेजारी डंपर येऊन थांबतो, आणि मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

जानेवारी १९९९ आठवतो? ओडिशात मनोहरपूरला कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमथी, रात्री गाडीत झोपलेले असताना जमावानं जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं पेपरात आलं. तू म्हणालास, इतक्या लवकर कुणी माफ करतं का, ही बाई स्वतःला फसवतेय. मी तुझ्याशी तावातावानं भांडलो. रूथला तेव्हा आशिषचे दिवस होते. माझं काही गेलं नव्हतं, म्हणून मला भांडणं सोपं होतं. त्या बाई पुढची पाच वर्षं बारिपद्यातच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या, हे मला आज जास्त मोठं वाटतं. खटला त्यांनी अडवला नाही. क्षमा आपण करायची, शिक्षेचं कायद्यानं बघायचं, अशी त्यांची भूमिका होती. मीही साक्ष दिली. निष्काळजीपणानं जीव घेतल्याच्या ३०४अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं, त्याला एक लागलं. डंपरच्या मालकावरचा भरपाईचा दावा चालू आहे आणि तो मी सोडणार नाही. त्या ड्रायव्हर पोराला रात्रभर झोपू न देता गाडी चालवायला लावली, त्याचा जाब त्यानं द्यायलाच हवा.

आता तो हात. निकालानंतर तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, आई खाली फरशीवर बसलेली. मी जवळून जाताना तो एकदम माझ्या पायांशी वाकला. ते मला सोसवेना. हाताला धरून त्याला उभं केलं आणि म्हणालो, "तू माझं आता काही देणं लागत नाहीस." त्याला काय कळलं, देव जाणे. त्याच्या नखांत ग्रीस होतं, दत्ता. आशिषच्याही असायचं.

रूथ त्या वेळी बाहेर रिक्षात बसून होती. तिनं त्याला क्षमा केलेली नाही. प्रार्थनेत ती ओळ आली की ती गप्प होते, पुढच्या ओळीला परत सुरू करते. आज सकाळीही तसंच. मी तिला काही म्हणत नाही. पाळकसाहेबांनाही सांगितलंय, तिला समजवायला येऊ नका.

मे महिन्यात तू ये, वहिनींना घेऊन. रूथपाशी कोर्टाचं काही काढू नकोस. आशिषबद्दल बोल. तुझ्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, तू त्याला पोहायला शिकवलंस, ते तिला पुन्हा ऐकायचं असतं.

तुझा,
सॅम